तीन शिट्ट्या

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि यशराज स्वयंपाकघरात पळत आला.

"आई, गॅस बंद कर! नळ्या कुकरात घातल्यास?"

"मग कुठं घालू, तुझ्या डोक्यावर?" छबूबाईनं सावकाश गॅस बंद केला. "सकाळी तू उकडलेल्या मी खाल्ल्या की. मधी कच्च्याच व्हत्या. एवढा समुद्र ओलांडून पावणं आल्यात, त्यास्नी कच्चं वाढू व्हय?"

यशराजनं कपाळावर हात मारला. नळ्या म्हणजे पास्ता. त्याच्या स्वतःच्या शेडमधला, आसपासच्या शेतकऱ्यांच्या बन्सी गव्हाचा. पास्ता नऊ मिनिटं उकळायचा, दाताखाली बारीक कणी लागली पाहिजे, हे तो मोबाईलवर बघून बघून शिकला होता. पाकिटाच्या मागंही त्यानं तेच छापलं होतं. आणि आज, नेमकं आज, आईनं त्याला डाळ-तांदळासारख्या शिट्ट्या दिल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत घोंगडीवर अब्दीसाहेब बसले होते. केनियातल्या मोंबासाचे व्यापारी. त्यांचा पास्ता आजवर तुर्कस्तानातून यायचा. तांबड्या समुद्राची वाट बेभरवशाची झाली, भाडी वाढली, जहाजं लांबून फिरून यायला लागली. मग ते हिंदुस्थानात माल शोधत निघाले आणि शोधत शोधत थेट भवानीनगरच्या या घरात येऊन पोचले. कॉलेज पुण्यात झालेलं, त्यामुळं बऱ्यापैकी मराठी बोलायचे.

सकाळपासून सगळं भारी चाललं होतं. बारामती एमआयडीसीतली शेड त्यांनी कोपरा न् कोपरा बघितली. एक नळी उजेडात धरली. कानाजवळ नेऊन मोडली. कट्! "सुकवतो कोण?" त्यांनी विचारलं. यशराजची बहीण वैष्णवी पुढं झाली. गरम हवा जोरात सोडली तर नळीला आतून तडा जातो, म्हणून मी हळूहळू सुकवते, असं तिनं सांगितलं. साहेबांनी मान हलवली. यशराजला वाटलं, जमलं! आता न्हावाशेवाला कंटेनर लागलाच!

"बाकीचं खाल्ल्यावर," साहेब म्हणाले होते.

आणि खाण्याचं हे असं झालं.

साहेबांचा होकार आला तर महिन्याला एक कंटेनर जाणार होता. नाही आला तर शेडमधली पास्त्याची मशीन विकायची, हे बहीण-भावाचं ठरलेलं होतं. पुण्या-बारामतीच्या चार हॉटेलांवर ती आठवड्यातनं दोनच दिवस चालायची. बाकीचे दिवस तिच्यावर ताडपत्री.

"दुसरं पाणी ठेव," यशराज घाईनं म्हणाला. "मी नवीन उकळतो."

"आरं, पावणं कवापासनं उपाशी बसल्यात!" छबूबाईनं तोवर कांदा, लसणाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट घालून नळ्या परतल्यासुद्धा. वर कोथिंबीर टाकली, ताट उचललं आणि यशराज आडवा यायच्या आत ती बाहेर गेली.

यशराज मागोमाग गेला. वैष्णवीनं ताटाकडं बघितलं. मग भावाकडं.

"कुकर?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

"मेलो आपण. दादा, तू नुसता हसत रहा."

साहेबांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग एक नळी तळहातावर ठेवून चमच्यानं दाबली. सोडली. परत दाबली.

"किती वेळ शिजवला?"

यशराजनं नऊ म्हणायला तोंड उघडलं.

"तीन शिट्ट्या," छबूबाई म्हणाली.

साहेबांचा चमचा थांबला. "शिट्ट्या? कुकरच्या?"

"व्हय. अजून एक दिली असती, पर ह्यो बोंबलत आला."

साहेब उठले. सरळ स्वयंपाकघरात गेले. बाजूला काढून ठेवलेलं कुकरातलं पाणी त्यांनी डावानं ढवळलं, वर धरून बघितलं. त्यात पिठाचा गाळ नव्हता, तुटका तुकडा नव्हता. परत ते पाणी ढवळलं. यशराजला काहीच कळेना.

"साहेब, चुकलं आमचं. नऊ मिनिटांत नवीन करून देतो. खरी चव तेव्हा कळंल."

साहेब वळले तर हसत होते. असं हसत होते की डोळ्यांत पाणी आलं.

"जास्त शिजला की मागच्या मालाची खीर व्हायची! मी बॅगेत छोटी शेगडी आणली आहे. तुमच्यासमोर अर्धा तास उकळणार होतो. अम्मांनी माझं काम आधीच केलं." त्यांनी डाव खाली ठेवला. "पहिला कंटेनर कधी भरतोस?"

वैष्णवीनं किंकाळीच मारली. शेजारची दोन माणसं काय झालं म्हणून दारात आली. तिनं तिथंच गहूवाल्याला फोन लावला, "तात्या, समदा बन्सी आमाला! समदा!"

यशराजला हसावं का रडावं कळत नव्हतं. तरी डोक्यातली गाठ सुटेना.

"पण साहेब, पाकिटावर तर नऊ मिनिटं…"

"पाकीट कोण वाचतो? आमच्याकडं चुलीवर भांडं. पोरगं रडतं, शेजारीण येते, भांडं उकळतच राहतं." साहेबांनी छबूबाईकडं बोट दाखवलं. "भाऊ, माझं गिऱ्हाईक ही आहे."