जिथे पाणी पोचत नाही

हॉलमध्ये हशा पिकला. फेलिशिया मात्र उभीच राहिली. तिने प्रश्न पुन्हा विचारला.

“ती वरची मानसं. तुमी म्हनता तशी खरंच असली, तर त्यांचा बाप्तिस्मा कोन करनार?”

“फादरना रॉकेटने पाठवू, मावशी!” मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

शेजारी बसलेल्या प्रीतलने मान वर केली नाही. सासू भर सभेत उभी राहिली, लोक तिला हसले, याचं तिला काहीच वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे.

रविवारच्या मिस्साची प्रार्थना संपल्यावर पाचूबंदरच्या चर्चच्या हॉलमध्ये फादर स्टॅनींचं व्याख्यान होतं. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर जीव असतील अशी बातमी गावभर मोबाइलवर फिरत होती. तिकडे आपल्यासारखी विचार करणारी माणसं निघाली तर आपल्या श्रद्धेचं काय, असं तरुणांनी फादरना विचारलं होतं. फादरनी हौसेने पडद्यावर तारे दाखवले. प्रीतल त्या पडद्याला पडलेल्या सुरकुतीकडे बघत बसली होती. फेलिशियाने आग्रह केला म्हणून ती थांबली होती. नाही म्हणायलाही जोर लागतो.

तिची मुलगी दिवस भरायच्या खूप आधी जन्मली आणि एक दुपार जगली. तीही काचेपलीकडे. प्रीतल शुद्धीवर आली तेव्हा ऑस्टिन, तिचा नवरा, खाटेशी बसून रडत होता. फेलिशिया दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने एवढंच विचारलं, “कोनी पानी घातलं काय तिला?”

कोणी घातलं नव्हतं. बाप्तिस्मा द्यायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

त्यानंतर फेलिशिया पाचूबंदरचं घर बंद करून त्यांच्याकडे, नायगावच्या फ्लॅटवर, राहायला आली. कालवण करायची, सुनेचे कपडे इस्त्रीला द्यायची, संध्याकाळी एकटीच रोझरी म्हणायची. प्रीतल समोर येईल ते जेवायची, ऑफिसला जायची, परत यायची. सासूशी लागेल तेवढंच बोलायची. मनात राग होता असंही नाही. एक गोष्ट कायमची कळल्यासारखी झाली होती, एवढंच. या बाईला माझी पोर गेल्याचं दुःख नाही, पाणी राहिल्याचं आहे.

“हसू नका,” फादर स्टॅनी म्हणाले. “मावशींचा प्रश्न खरा आहे.” ते टेबलामागून पुढे आले. “मावशी, संस्कार देवाने आपल्याला नेमून दिलेत. आपण त्यांना बांधलेले आहोत. देव बांधलेला नाही. जिथे आपलं पाणी पोचत नाही, तिथे तो पोचू शकतो.”

“जन्मात ज्यांनी येशूचं नाव आयकलं नाय, त्यांच्याकडं पन?”

“त्यांच्याकडेपण.”

“हे तुमी तुमच्या मनाचं सांगता का?”

आता कोणी हसलं नाही. फादर म्हणाले, “नाही, मावशी. देवाच्या दयेवर भरवसा ठेवा, असं चर्चच शिकवतं.”

“पयले असं कोनी सांगितलं नाय,” फेलिशिया म्हणाली आणि खाली बसली. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट जोडून धरले. प्रीतलला ते दिसले. दिसले, इतकंच.

व्याख्यान संपलं. ऑस्टिन गाडी काढायला पुढे गेला. दोघी दफनभूमीच्या भिंतीच्या कडेने चालू लागल्या. भिंतीबाहेरच्या मोकळ्या जागेत आता पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि मिस्साला येणाऱ्यांच्या स्कूटरी तिथे लागत. फेलिशिया मध्येच वळली आणि त्या स्कूटरींमध्ये शिरली. भिंतीला हात टेकून उभी राहिली.

“दम लागला का, आई?” प्रीतलने विचारलं.

फेलिशियाने नकारार्थी मान हलवली. “पोरीचं नाव काय ठेवनार व्हतीस?”

हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, माहेरच्यांनी नाही. ऑस्टिनलासुद्धा विचारायचा धीर झाला नव्हता. प्रीतलला कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच काही दुखलं.

“जेनिशा,” ती म्हणाली.

“जेनिशा,” फेलिशिया सावकाश म्हणाली, जणू कोणाशी ओळख करून घेत होती. मग ती खाली वाकली. दोन स्कूटरींच्या मधल्या फरशीवर तिने तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“ऑस्टिनच्या अगोदर एक पोरगा व्हता,” ती वर न बघता म्हणाली. “पानी घालायच्या आत गेला, म्हनून भिंतीच्या आत पुरू दिला नाय, हितं पुरला. एडवर्ड नाव ठेवलं व्हतं मी.”