मागे राहणारी दोन बोटं

"घाल बोटं," ताई म्हणाली.

त्याने बॉल पोटाशी धरला होता. उजवा हात त्याने वरच्या तीन भोकांपर्यंत नेला आणि परत काढून घेतला.

कारखान्यातल्या प्रेसने त्याचं अंगठ्याशेजारचं बोट नेलं होतं. जखम कधीच भरली होती. कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टरही म्हणाले होते. पण तो अजून खिशातसुद्धा हात घालत नव्हता. थोरली बहीण इथे या हॉलमध्ये बोलिंग, लाकडी लेनवर बॉल घरंगळवून टोकाच्या पिना पाडायचा खेळ, शिकवायची. घरात बसून कुजशील, म्हणत तिने त्याला भरदुपारी ओढून आणलं होतं.

"दोन्ही हातांनी ढकलतो ना. लहान पोरं ढकलतात तसा."

"तसा कुणीही ढकलेल. मी तुला वळवायला शिकवतेय. अरे, बॉलला काय दात असतात?"

"प्रेसला तरी कुठे होते?"

ताईने बॉल त्याच्याकडून घेतला. मग तिने स्वतःची बोटं घालून दाखवली. अंगठा आणि मधली दोन.

"सोडताना अंगठा आधी निघतो. ही दोन मागे राहतात. तीच बॉलला पीळ देतात."

"मागे राहतात म्हणजे?"

"क्षणभर रे."

"तेवढाच लागतो."

तरी त्याने बोटं घातली. चार पावलं गेला आणि हात पुरता मागे जायच्या आतच ती उपसून काढली. बॉल धाडकन त्याच्या टाचेजवळ आदळला. काउंटरवरच्या माणसाने मान वर केली. शेजारच्या लेनवर एक म्हातारा-म्हातारी खेळत होती, तीही थांबली.

"राहू दे," ताई म्हणाली. "चल, घरी जाऊ."

तिचा आवाज कापत होता. म्हणजे तीही घाबरली होती. ते ऐकून त्याला कसंतरीच झालं. त्याने बॉल पुन्हा उचलला.

हात मागे गेला, खाली आला. अंगठा सुटला. आणि मग ती ओढ बसली, दोन बोटांना धरून पुढे खेचणारी. तो मोठ्याने ओरडला.

बॉल उजव्या कडेने गेला. आता पन्हळीत पडणार असं वाटत असतानाच तो आत वळला. खडखडाट झाला.

"वा! दोनच पिना उरल्या!" म्हाताऱ्याने टाळ्या पिटल्या.

तो तसाच उभा होता. हात पुढे, डोळे गच्च मिटलेले.

"ताई," तो पुटपुटला, "किती उरली?"

ताईने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट दाबत ती अंगठ्यापर्यंत आली.

"चार. चारही आहेत."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"परत मोज," तो म्हणाला.