वजनखोलीतल्या बाई

प्रमुख बाई वारल्यापासून औषध-तपासणी प्रयोगशाळेच्या वजनखोलीत एकटं जायला कुणी धजत नव्हतं. “काट्यावरचा आकडा स्थिरच होत नाही, मॅडम. बाई शेजारी उभ्या असतात,” सगळ्यांत जुना सहकारी बाईंच्या खुर्चीवर आलेल्या त्यांच्याच शिष्येला म्हणाला. “अन् तान्ह्या बाळांच्या औषधाचा नमुना न तोलता तसाच ठेवायचा? दवाखाने खोळंबलेत. भूतबित काही नाही, वारा असेल.” तिने एसी बंद करवला, दार लावून घेतलं आणि जराशा धक्क्यानेही हलणाऱ्या नाजूक वजनकाट्यावर रिकामी डबी ठेवली. आकडा नाचतच राहिला. तिने मागे वळून पाहिलं. मग टेबलावर टेकलेलं स्वतःचं कोपर तिला दिसलं. ते दाबलेल्या हुंदक्यांनी हलत होतं, अन् त्याबरोबर टेबलही. सगळ्यांना सांभाळायच्या नादात ती रडलीच नव्हती. इथे एकटा आलेला प्रत्येकजण असाच हलला असणार. दार वाजलं. “मॅडम, बाई आहेत का आत?” “आहेत,” डोळे पुसत ती म्हणाली. “सगळे भेटून घ्या, मग तोलू.”