चौथा डबा

पहिला ठोसा पोटात बसला आणि मास्तर खुर्चीसकट भिंतीवर आपटले.

रविवारचे साडेदहा वाजले होते. एरवी मास्तर दाराची कडी तीनतीनदा तपासणारे, पण आज दार नुसतं ढकलताच उघडलं आणि दोघं आत शिरले. एक जाड्या, एक काड्या. तोंडाला फडकी बांधलेली. मास्तरांच्या अंगावर जुना, विरलेला शर्ट होता म्हणून बरं. शाळेचे दोन इस्त्रीचे शर्ट खुंटीवर शाबूत राहिले. चष्माही टेबलाच्या खणात होता.

जाड्यानं दुसरा ठोसा बरगडीत घातला. मास्तर गुडघ्यावर आले.

मास्तर या परक्या देशात इंग्रजी शिकवायला आले ते थोरल्या बहिणीच्या चार पाटल्यांपैकी दोन मोडून. खोलीत त्यांचे चार डबे होते: भाडं, पोट, बस आणि ताई. शाळेचा पगार कधी यायचा, कधी नुसती सबब यायची. म्हणून रविवारी गोदामातल्या हमालांची शिकवणी, रोज एकच वेळ जेवण आणि बसचे पैसे वाचवायला दोन थांबे पायपीट. दर रविवारी अकराला ताईचा फोन यायचा आणि मास्तर तिला चौथ्या डब्याचा आकडा सांगायचे. आकडा वाढला की भाऊ पोटाला चिमटा घेतो म्हणून तिचेच डोळे भरून यायचे. गेल्या रविवारी आकडा तीन लाखांवर गेला होता. भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी मंगळवारी भरायची होती. "सोमवारी पाठवतो," असा शब्द मास्तरांनी दिला होता.

"बास?" जाड्यानं धापा टाकत विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

मास्तर तसे मुंगीला वाट करून देणारे, पण हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकत नसत. जाड्यानं त्यांना केसाला धरून उठवलं आणि टेबलाच्या कडेवर आदळलं. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. लाथ बसली तसं मास्तरांचं बोट खुर्चीखाली सापडून कडकन वाजलं.

"तोंडावर नको," काड्या कापऱ्या आवाजात म्हणाला.

मास्तरांनी तोंड वर केलं. जाड्याची मूठ नेमकी ओठावर बसली आणि पुढचा दात फरशीवर टणकन पडला.

"आता बास?"

मास्तरांनी ओठ दाबून धरत मान डोलावली. काड्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, खाली वाकून पलंगाखालून चौथा डबा ओढला आणि दोघं निघून गेले. टेबलावरचा मोबाईल तसाच राहिला. अकराला तो वाजला.

पडद्यावर ताई आली आणि किंचाळली.

"अगं बाई! काय झालं रे हे? कुणी मारलं तुला?"

"चोर आले होते, ताई. डबा नेला."

"सगळा?"

"सगळा."

ताईनं तोंडावर पदर धरला. मागे भाची उभी होती. तिनं हातातला फॉर्म हळूच पाठीमागे लपवला.

"पैशाला काडी लाव," ताई म्हणाली. "तू जिवंत आहेस ना, राजा? पोरीचं एक वर्ष गेलं तर गेलं. तू आधी डॉक्टरकडे जा. माझ्या राहिलेल्या पाटल्या मोडते नि पैसे पाठवते."

"नको, ताई."

"गप बस. थोरली कोण आहे?"

मास्तर लहान पोरासारखे हमसून रडले. बरगडीत कळ आली तरी त्यांचं रडू थांबेना. शेवटी ताईनंच त्यांना गप्प केलं, आधी जखम धुवून घे म्हणून दरडावलं आणि फोन ठेवला.

मास्तर भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेले. खालच्या पायरीवर दोघं फडकी सोडून बसले होते. काड्याच्या मांडीवर शिकवणीची वही होती. जाड्यानं मान खाली घालून डबा पुढे केला. मास्तरांनी झाकण काढलं, आतला नेहमीसारखाच कोरडा ठणठणीत तळ पाहिला आणि तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "तीन महिने तुमची फी माफ, ठरल्याप्रमाणे. पण दात आपल्यात ठरला नव्हता."