साडेबारा फेऱ्या

मयूरीचं साक्षगंध झालं त्याच साली राज्याच्या मैदानी स्पर्धा आदिलाबादला आल्या, आणि नेमकं तिच्या शर्यतीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, भगवानराव भीमपूरच्या बसनं येऊन दारात उभे राहिले.

मयूरीचे आजोबा सुधाकरराव ओसरीवरून उठले. दोस्त लहानपणचा, पण आता होणाऱ्या नातजावयाचा, करणचा, आजा. लग्नाची तारीख मागायलाच आला असणार. ती टाळावी म्हणून तर त्यांनी मंगळवारपासून फोन बंद करून ठेवला होता. मयूरी पाच हजार मीटर पळायची. पहिल्या दोघींत आली तर दोन वर्षं राष्ट्रीय शिबिरात. नाही तर माघात लग्न आणि मग सासरचा कापूस वेचणं. आईबापामागं वाढवलेली नात. टाळून टाळून सुधाकरराव थकले होते.

"फोन काऊन लागत नाई तुहा?" भगवानरावांनी विचारलं.

"बिघडला."

भगवानराव आत आले नाहीत. ओसरीच्या कडेला टेकले. बयनाबाईंनी नवऱ्याच्या दोस्तापुढं पाण्याचा तांब्या केला, त्यांनी हात लावला नाही. चहालाही मान हलवली.

"एवढा रुसवा, भाऊजी?" बयनाबाई हसल्या. "पोरीवाल्याच्या घरचं पानीबी चालत नाई का? आन् करणले काऊन नाई आनलं? दुपारी मयूरी पळते. सरानं फोनबी काढून घेतला तिचा, पंधरा दिस झाले."

भगवानराव जमिनीकडंच पाहत बोलले.

"म्हंजे तिले काईच मालूम नसन."

"कायचं?"

"पळू द्या तिले पयले. मंग बोलतो."

सुधाकररावांनी बायकोकडं पाहिलं. झालं, तारीख घेऊनच आलाय.

दुपारी दोघं स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर बसले. भगवानरावांनी मध्ये हातभर जागा सोडली. भोंग्यावर तेलुगूतनं नावं पुकारली जात होती. बंदुकीचा बार झाला आणि पोरी सुटल्या.

"किती चकरा?" भगवानरावांनी विचारलं.

"साडेबारा."

"बापा! एवढ्यात तर मी वावर वखरून घरी येतो."

सहाव्या फेरीला मयूरी पाचवी होती. नवव्या फेरीलाही पाचवीच. सुधाकररावांनी डोळे मिटून घेतले. आता काय पाहायचं? माघ आलाच.

एवढ्यात शेजारून आवाज फुटला. "पळ माय! पळ!"

भगवानराव उभे होते. सत्तरी उलटलेला माणूस, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता आणि डोळ्यांतून धार लागली होती. मागचं कुणीतरी म्हणालं, "बाबा, बसा ना, दिसून नाई राह्यलं." ते बसले नाहीत. सुधाकररावांना स्वतःचीच लाज वाटली. ज्याला आपण चोरासारखं टाळलं, तोच पोरीसाठी घसा फोडतोय.

शेवटच्या फेरीत मयूरीनं तिघींना मागं टाकलं. दुसरी आली.

ती धापा टाकत पायऱ्यांशी आली. आज्याच्या पाया पडली, मग भगवानरावांकडं वाकली. ते झटकन मागं सरकले. "राहू दे, माय. जिंकली तू."

"आजोबा, त्यायले सांगसान दुसरी आली म्हनून. बूट त्यायनंच धाडले होते." ती लाजली, आणि यादीवर सही करायला पळाली.

सुधाकररावांनी हात जोडले. मनातलं एकदाचं बाहेर पडलं.

"भगवान, पाया पडतो तुह्या. दोन साल थांब. करणले समजव. तुह्या शब्दाबाहेर नाई तो."

भगवानराव पायरीवर खाली बसले. मैदानात पुढच्या शर्यतीच्या पोरी रांगेत उभ्या राहत होत्या.

"करण बुधवारी सकाळी वारला, सुधाकर."