लिकोकोचा काटा

एकोफोच्या दातांत धरलेला मासा सटकला आणि डोक्याकडून थेट घशात गेला.

दोन्ही हात जाळ्यात गुंतले की मासा दातांत धरायचा, हे नदीवरचे सगळेच करतात. त्यानेही हजारदा केलं होतं. पण हा लिकोको होता. बोटाएवढा, मिशांचा, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक काटा. घाबरला की तो तिन्ही काटे उभे करतो, आणि मग मेला तरी ते मिटत नाहीत.

होडीत त्याची बायको बोलुंबू होती आणि धाकटा भाऊ लोंबोटो. एकोफोने खोकून पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला. उघड्या तोंडात शेपटीचं टोक दिसत होतं. आतून मासा कुरकुरत होता, पाण्याबाहेर काढलेले लिकोको कुरकुरतात तसा.

बोलुंबूने शेपटी चिमटीत धरली.

"ओढू नको, वहिनी," लोंबोटो म्हणाला. "ओढलंस की आणखी रुतेल."

"ते मला शिकवतोस?"

काट्याच्या मुळाशी एक बारीक हाड असतं. ते नखाने दाबलं की काटा मिटतो. लहानपणापासून ती रोज टोपलीभर मासे असे जाळ्यातून सोडवायची, गप्पा मारत, हाताकडे न बघता. तिने दोन बोटं आत घातली. माशाच्या पाठीवरून सरकवत नेली. काटा हाताला लागला. हाड आणखी नखभर पुढे होतं. एकोफोला उमासा आला आणि दात मिटले. बोटं बाहेर आली ती रक्ताळून. तिने पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घालायला गेली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. दुखतंय म्हणत होता, की तुला चावतोय म्हणून नको म्हणत होता, तिला कळलं नाही.

लोंबोटोने जाळं कापून नदीत सोडून दिलं. डॉक्टर म्बंडाकाला होता. प्रवाहाबरोबर गेलं तरी दुपार टळणार होती. तो पुढच्या टोकाला उभा राहून वल्हवू लागला. बोलुंबूने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. मनगट त्याने सोडलं नव्हतं. श्वास शीळ वाजल्यासारखा येत होता, मध्येच थांबत होता. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

बेटाला वळसा घातला आणि समोरून मोठी बोट आली, माणसांनी, गाठोड्यांनी, बकऱ्यांनी भरलेली. लोंबोटोने वल्हं उंच धरून हलवलं, ओरडला. बोटीवर कुणाला नवल वाटलं नाही. मासे विकायला होड्या अशाच येतात.

कठड्यावरून एक बाई वाकली. "ताजी आहे का गं मासळी, की धुरी दिलेली?"

"माणूस आहे!" बोलुंबू ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते वर पोचलं नाही.

"नवरा झोपलाय आणि बाईला लावलंय धंद्याला," बाईशेजारचा एकजण म्हणाला. चारजण हसले.

लोंबोटोने होडी वळवून बोटीला भिडवू पाहिली. लाटेने ती बाजूला फेकली. त्याने पुन्हा वळवली.

वरच्या बाईने हातानेच विचारलं, दाखव की. बोलुंबूने एकोफोचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्याकडे वळवलं. दोन्ही हातांनी. मनगटावरची पकड सुटली होती, ते तिला तेव्हा कळलं.

बाईने डोळे बारीक करून पाहिलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. मागे वळून कुणाला तरी काही सांगितलं. बोट थांबली नाही. होडी मागे पडू लागली, तशी ती बाई कठडा धरून, माणसांतून, बकऱ्यांतून वाट काढत, होडीच्या बरोबरीने मागे मागे चालत आली. बोट संपली तेव्हा तिथेच उभी राहिली.

लोंबोटोची पाठ त्या दोघांकडे होती. तो बोटीमागे जीव खाऊन वल्हवत होता.