हॉलमधला फोन

"आधी नाव सांगायचं, मग विचारायचं!" वैजयंतीने फोनवरच्या पोराला दटावलं. शाळकरी लेकीच्या हाती मोबाईल नको म्हणून तिने हौसेने हॉलमध्ये वायरचा फोन बसवला होता, पण तो उचलता उचलता तीच मेटाकुटीला आली होती.

पुन्हा घंटी वाजली. कणकेच्या हातांनीच ती धावली.

"काकू, मी बिल्वा."

"मृण्मयी खाली खेळतेय गं."

"दिसतेय खिडकीतून. पण माझा पाय प्लास्टरमध्ये आहे ना... तुम्हीच बोलाल माझ्याशी थोडं?"

वैजयंतीने पायानेच खुर्ची पुढे ओढली.

रिसीव्हरवरची कणीक वाळली तरी दोघींचं खिदळणं थांबेना. शेवटी मृण्मयीच दारात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"आई, सारखा काय गं फोन? ठेव बघू आधी!"